राखण

मधुमालतीच्या वेलात, माझ्या डोळ्यांच्या उंचीवर
शिपाई बुलबुलानं वाटी विणली
नारळाच्या काथ्याची, आणि तिच्यात
शेवंतीच्या शिवणातला एक निळा दोरा.
त्या दिवसापासून मी पुन्हा कामावर लागलो.

तेहेतीस वर्षं दुर्भाटच्या फेरीबोटीवर
मी दोर फेकला आणि दोर सोडवला.
बघत राहणं, एवढंच काम मला नीट येतं :
पाणी बघणं, धक्का बघणं,
रासईच्या काठावरून कोण हात करतंय ते बघणं.
आता मी मांजर बघतो.

ती येते मासळीवाल्याच्या स्कूटरमागून,
साडेनऊला, भोंगा वाजला की.
कुणाची नाही. उजवा कान चिरलेला,
पाठीवर करपलेल्या भाकरीसारखा डाग.
बांगड्याचं डोकं खाते, तोंड पुसते
आणि मग वेलाखाली अशी बसते
जशी आमच्या घरपट्टीची पावती तिच्या नावाची.

माघात तिनं दयाळाचं पिल्लू नेलं होतं.
पायरीवर दोन काळी पिसं
आणि तांदळाच्या कणीएवढं रक्त.
शेवंती उठायच्या आत मी ते धुतलं.

म्हणून बोरीच्या फांद्या आणल्या, वेलाच्या बुंध्याला बांधल्या.
हात माझेच फाटले.
संत्र्याच्या साली टाकल्या. तिनं हुंगल्या, ओलांडल्या.
पलीकडची एस्पेरांस कुंपणावरून म्हणाली,
"पात्रांव, आधी तिचं पोट भर,
मग तिला धर्म शिकव."

तेव्हापासून भातात कालवलेले दोन पेडवे.
तिसऱ्या दिवशी, ती खात असताना
लेकीच्या लहानपणच्या पैंजणातलं घुंगरू
मी तिच्या गळ्यात बांधलं.
गाठ बोटीची नव्हे, ओढली की सुटणारी,
कुठं फांदीत अडकली तर जीव जाऊ नये तिचा.
गाठींतलं मला कळतं.

मग आमचं बरं चाललं.
ती हलली की छुन्. बुलबुल उडे, चिडे, परत येई.
वाटीत तीन उघडी तोंडं.
मी सोप्यावर, विडी घेऊन.
शेवंती म्हणाली, गावाच्या राखणदाराला
वर्षाला रोट देतात, सुरो देतात.
तुम्हांला काय हवं?
मी म्हटलं, चहा.

आणि रोज सकाळी माडांखालून
भारद्वाज चालत येई, तांबड्या पंखांचा,
लाल डोळ्यांचा, सोवळं नेसल्यासारखा सावकाश.
दिसला की दिवस बरा जातो, आई सांगायची.
बोटीवर होतो तेव्हापासून मी त्याला हात जोडत आलोय.

त्या गुरुवारीही जोडले.
तो कुंपणावर चढला, तिथून पपईवर,
तिथून वेलात.
मला वाटलं, सुरवंट शोधतोय.
बुलबुलाची जोडी ओरडत सुटली
आणि मी सवयीनं खाली बघितलं.
मांजर पायरीवर झोपलेली. घुंगरू गप्प.

वर बघितलं तेव्हा
शेवटचं पिल्लू त्याच्या चोचीत होतं.

चप्पल फेकली.
तेहेतीस वर्षांत दोर चुकला नाही, चप्पल चुकली.
तो उडाला, जड, जराही न घाबरता,
पलीकडच्या काजूंत, जिथून अजून त्याचं हूप-हूप येतं
रिकाम्या हंड्यात कुणी बोलल्यासारखं.

दुपारी एस्पेरांसनं विचारलं, "मांजरीनं नेलीं?"
होय म्हणणं सोपं होतं. कुणी पुढं विचारलं नसतं.
नाही, म्हटलं.
कुणी नेली ते सांगितलं नाही.

बोरीच्या फांद्या अजून तशाच आहेत.
वाटीतून सुटलेला निळा दोरा वाऱ्यावर हलतो
आणि मांजर त्याच्याकडे बघत बसते, छुन्, छुन्.
आज बुलबुल पुन्हा काथ्या ओढताना दिसले,
या खेपेला एस्पेरांसच्या लिंबणीत, काट्यांच्या आत खोल.
मी कुंपणावरून तिला हाक मारली :
बघायचं तर वर बघ, खाली नको.

इतक्यात माडाखाली काही तांबडं हललं.
माझे मेले हात,
अर्ध्यापर्यंत उठलेच.